शमशाबादच्या क्वार्टर्सचे 69.92 कोटी नेमके कोण भरणार?

आपल्या उदगीर-देगलूर-नांदेड भागातल्या माणसाला आखातात कामाला जायचं असो की पोराला परदेशात शिकायला पाठवायचं असो, गाडी निघते हैदराबादकडे. त्यामुळे शमशाबाद तेलंगणात असला तरी तो आपलाही विमानतळ आहे, आणि तिथल्या हिशेबाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क आहे.

तिकिटात सुरक्षेची एक फी असते. आपण खालची टोटल बघतो आणि पैसे भरतो, मीही तेच करत आलो. आधी तिचं नाव पॅसेंजर सर्व्हिस फी होतं. 200 रुपयांपैकी 130 सुरक्षेसाठी. 2019 मध्ये नाव बदललं आणि एप्रिल 2021 पासून देशातल्या प्रवासाला 200 रुपये झाले. जुन्या पद्धतीत हे 130 रुपये वेगळ्या एस्क्रो खात्यात जायचे. विमानतळ चालवणारी कंपनी त्या खात्याची मालक नव्हती, सरकारच्या वतीने नुसती सांभाळणारी होती. देवस्थानच्या पेटीची किल्ली पुजाऱ्याकडे असते ना, तसं.

आता प्रकरण ऐका. शमशाबादला सीआयएसएफच्या जवानांसाठी क्वार्टर्स बांधले गेले. जमिनीसकट खर्च 69.92 कोटी, आणि तो या सुरक्षा निधीत नावे टाकला. कॅगने ऑडिट केलं तेव्हा आक्षेप घेतला, की मंत्रालयाच्या 2010 च्या सूचनांनुसार आधी परवानगी लागते, ती घेतलेली नाही. 130 च्या हिशेबाने ही रक्कम म्हणजे जवळपास 54 लाख प्रवाशांची फी.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचं म्हणणं, सूचना नंतर आल्या, बांधकाम आधीचं. आणि पैसे कुणी घरी नेलेले नाहीत, क्वार्टर्स जवानांसाठीच आहेत. 'घोटाळा घोटाळा' म्हणून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण दुसऱ्याच्या पेटीतला पैसा खर्च करायचा तर आधी विचारायचं, हे कळायला सर्क्युलर कशाला लागतं? गावातली भिशी चालवणारी बाईसुद्धा विचारते!

मला खटकलं ते पुढचंच. या क्वार्टर्सचा खर्च विमानतळाचे दर ठरवताना धरावा, असं मंत्रालयाने 'एरा'ला, म्हणजे दर ठरवणाऱ्या नियामकाला सुचवावं, अशी विनंती कंपनीने मंत्रालयाला केली होती. दरात धरणं म्हणजे काय? यूडीएफ आणि बाकीच्या आकारातून वसुली. तीसुद्धा नुसती खर्चाची नाही. दरात धरलेल्या मालमत्तेवर कंपनीला परतावाही मिळतो. म्हणजे निधीतला खड्डा कंपनीने बुजवायचा आणि माती आपल्याच शेतातून न्यायची.

इतर विमानतळांवरही सुरक्षा निधीतून यंत्रं आणि पक्क्या मालमत्ता घेतल्या गेल्या. फेब्रुवारी 2014 मध्ये मंत्रालयाने आदेश काढला, की तो खर्च व्याजासकट निधीत परत करा. दिल्ली आणि हैदराबादच्या कंपन्या हायकोर्टात गेल्या आणि स्थगिती मिळवली. कोर्टात जाणं हा त्यांचा हक्कच आहे. पण तेव्हा ज्या माणसाने 130 रुपये दिले त्याच्या बाजूने त्या कोर्टात कोण उभं होतं? त्याला तर आपण ते दिले हेही माहीत नसतं.

माझं मत असं. जवानांना घरं हवीतच, आणि त्यांचा रास्त खर्च पुढे दरात धरायचा की नाही यावर चर्चा होऊ शकते. पण आधी मुद्दल निधीत आलं पाहिजे. व्याज तर दरात अजिबात धरू नये. परवानगी न घेण्याची चूक संचालक मंडळाच्या पातळीवरची आहे, तिचं व्याज भागधारकांच्या नफ्यातून जाऊ दे. दुबईला मजुरीला निघालेल्या पोराच्या तिकिटातून नको.

'एरा' दर ठरवण्याआधी सल्लामसलतीचा कागद वेबसाइटवर टाकतं आणि मतं मागवतं. विमान कंपन्या आणि विमानतळवाले जाडजूड उत्तरं पाठवतात. आपल्याकडून कुणी पाठवत नाही. शमशाबादचा पुढचा कागद आला की मी एक पानाचं पत्र इंग्रजीत करून पाठवणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव आणि गाव इनबॉक्स करा. जुनं तिकीट जपून ठेवलं असेल तर त्याचा फोटोही पाठवा, पत्राला जोडतो.