रिकाम्या गाडीचं वजन

‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ पाटसजवळच्या फडावर आलेल्या एका ऊसतोड बाईच्या केसपेपरवर या आठवड्यात हा शेरा पुन्हा दिसला. पावसाळ्यात या सदरात कडबाकुट्टीत बोटं गेलेल्या पोराची हकिकत आली होती; त्याच्याही कागदावर हेच चार शब्द होते. बाईच्या डाव्या हातावर कोयता बसला, बोटाची शीर, म्हणजे डॉक्टरांचं टेंडन, तुटली. पुण्यात ती जोडली, वर प्लास्टिकचा स्प्लिंट चढवला आणि सहा आठवडे रात्रंदिवस काढायचा नाही, असं बजावलं.

डॉक्टरांची काळजी खरी आहे. जोडलेली शीर पहिले काही आठवडे फार कच्ची असते. भरला हंडा उचलला तरी टाका तुटू शकतो. कच्चा आहे तो शेऱ्यामागचा पुरावा. स्प्लिंट वापरला की नाही, हे बहुतेक ठिकाणी अजून नुसतं विचारून ठरतं. ‘बांधता ना?’ ‘बांधते.’ ऐकणाऱ्याला पटलं नाही की शेरा पडतो. आणि स्प्लिंट काढणारी ही काही एकटी नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात शीर जोडलेल्या रुग्णांपैकी दोन-तृतीयांश जणांनी स्प्लिंट काढल्याचं कबूल केलं होतं. मुख्य कारण, अंघोळ आणि हात धुणं.

वाकलेल्या कण्याला आधार देणाऱ्या पट्ट्याबाबत मात्र हा प्रश्न विचारपुशीवर सोडला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात (2013) कणा वाकलेल्या मुलामुलींच्या पट्ट्यात तापमान नोंदवणारा सेन्सर बसवला होता. पट्टा घालायला सांगितला होता दिवसाचे 18 तास. प्रत्यक्षात ज्यांनी सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घातला, त्यांच्यातल्या 90 टक्के किंवा त्याहून अधिक मुलांचा कणा शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत वाकला नाही. कल्पना साधी आहे. पट्टा अंगावर असला की अंगाच्या उबेला येतो, काढून ठेवला की खोलीइतका गार होतो. हाताच्या स्प्लिंटमध्येही असा बटणाएवढा सेन्सर बसतो.

पण पाटसला खोली गार नसते. एप्रिलमध्ये दौंड तालुक्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर जातो. हाताच्या कातडीचं तापमान साधारण 32 ते 34 अंश. म्हणजे दुपारी खुंटीला टांगलेला स्प्लिंट यंत्राला हातावर असल्यासारखा दिसेल, आणि सकाळी ऊन चढताना एक वेळ अशी येईल की हवा आणि हात यांत फरकच उरणार नाही.

याचं उत्तर इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कारखान्याच्या काट्यावर बैलगाडी उसासकट चढते आणि मोळ्या उतरवून रिकामी पुन्हा चढते; दोन्ही आकड्यांतला फरक तो ऊस. नुसत्या भरल्या गाडीच्या वजनावर कुणी पैसे मोजत नाही. स्प्लिंटलाही तसेच दोन सेन्सर हवेत, एक आत कातडीला लागून, दुसरा बाहेर हवेकडे. फरक बोलेल. फरक मिटतो त्या तासांपुरता हालचाल टिपणारा तिसरा जोडावा. पुण्यातल्या पंख्याखाली घेतलेली चाचणी पाटसच्या पत्र्याखाली लागू धरणं म्हणजे रिकामी गाडी न तोलताच पावती फाडणं.

आणि पावतीचंच खरं महत्त्व आहे. काटामारीविरुद्ध शेतकरी भांडत आले ते एवढ्यासाठी की आकडा आम्हाला दिसू द्या, बाहेरच्या काट्यावर तपासू द्या. सेन्सरचा आकडा थेट दवाखान्याच्या संगणकात गेला, तर तो बाईकडे परत येईल तो शेरा होऊन. पहिली पावती तिच्या हातात पडली पाहिजे. ती समजावून सांगणारा, हाताचे व्यायाम करून घेणारा माणूसही तालुक्यातच हवा. हे सदर ही मागणी सोडणार नाही. त्यासाठी रोज बुडवून साठ-एक किलोमीटर पुण्याला का जायचं?

फडावर नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीवर. बाईचा हात बांधला की जोडीचा अर्धा कोयता होतो, उचल मात्र पुरीच फेडायची असते. समजा, सेन्सरनं दाखवलं की स्प्लिंट पहाटे चारला उतरतो आणि सातला चढतो. तो आलेख पुढ्यात ठेवून कुणी विचारावं, ‘ताई, चार ते सात काय करता?’ स्वयंपाक, पाणी, धुणं, ती एकेक सांगेल. त्यावर मुकादमाशी बोलता येईल, हंड्याची सोय बघता येईल, भिजला तरी चालेल असा पट्टा देता येईल. आणि केसपेपरवर त्या चार शब्दांच्या जागी लिहिता येईल, ‘पहाटे पाणी आणायला घरात दुसरं कुणी नाही.’