पाणबुडीच्या गिअरबॉक्सला जात नसते, संशोधनाच्या खुर्चीला मात्र असते

इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर म्हटले की लोकांना ऊस आणि साखर आठवते. पण याच गावातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजमध्ये भारतीय नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स तयार होतात. २००९ मध्ये विशाखापट्टणमला जलावतरण झालेल्या 'अरिहंत' या अणुपाणबुडीच्या उभारणीतही या कारखान्याचा वाटा आहे.

हे काम साधे नाही. जहाजाचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, तर पाण्यातला पंखा फक्त काही शे. मधला मेळ गिअरबॉक्स घालतो. त्याच्या दात्यांत किंचित फरक राहिला तरी आवाज होतो. पाण्यात आवाज दूरवर जातो आणि शत्रूचा सोनार तो टिपतो. म्हणजे पाणबुडीतल्या माणसांचा जीव ते दाते कापणाऱ्या, घासणाऱ्या, मोजणाऱ्या कामगारांच्या हातात असतो.

आता प्रश्न विचारू या. अशा कामात आपल्या मुलांना कुठपर्यंत जाता येते?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने खासगी कारखान्यातही अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. आयटीआय झालेला आपला मुलगा हक्काने मशीनपर्यंत पोहोचू शकतो. पण मशीनवर काय घडवायचे हे जिथे ठरते, त्या संशोधन विभागाच्या दारात हा हक्क संपतो. खासगी नोकरीत आरक्षण नाहीच.

मग सरकारी प्रयोगशाळांचे काय? २३ जून १९७५ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने, गट-अ मधल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी किंवा त्याला दिशा देणारी वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा दिली. म्हणजे पहिल्या पायरीवर या, पण वरच्या मजल्याचे काय ते आम्ही पाहू!

आणि आता तर पैसाच बाहेर चालला आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुली करण्याची घोषणा झाली. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडी जास्त काळ पाण्याखाली राहावी म्हणून इंधन-घटावर चालणारी यंत्रणा विकसित केली, त्यातही खासगी कंपन्या भागीदार आहेत. भागीदारीला आमचा विरोध नाही. पण जनतेचा पैसा ज्या दाराने खासगी कंपनीत जातो, त्याच दाराने सामाजिक न्याय का जात नाही?

यावर ठरलेले उत्तर येते : "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, इथे गुणवत्ताच हवी." बरोबर आहे, गुणवत्ता हवीच! पण गिअरचा दाता मापाने तपासतात, आडनावाने नाही. आणि गुणवत्ता आकाशातून पडत नाही. ती प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती आणि संधी यांतून घडते. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाला आणि परदेशी शिक्षणाला सरकारी मदत मागितली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज पुढे जाणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ऐंशी वर्षांनंतरही आपण सवलतींच्या यादीत कारकुनाची जागा शोधत बसायचे का?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, संशोधनासाठी सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या संशोधन चमूत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी किती आहेत, हे जाहीर करावे. नावे नकोत, आकडे द्या. दोन, अशा प्रत्येक कंत्राटात या समाजांतल्या अभियंत्यांसाठी संशोधनवृत्ती बंधनकारक करावी. तीन, १९७५ ची मुभा रद्द करावी.

शिकाऊ उमेदवारांना राखीव जागा दिल्याने कुठलाही कारखाना बुडाला नाही. मग संशोधकांना दिल्याने पाणबुडी कशी बुडेल? दाते घासायला आमचे हात चालतात, तर आरेखन करायला आमचे डोकेही चालले पाहिजे. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतल्या इंजिनिअर मुला-मुलींनी हा प्रश्न आपल्या खासदारांना विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे.

जय भीम!