ताळमेळ : दिवेलागणीची दीड मिनिटे

बँकेच्या सेवेत असताना एक गोष्ट अंगवळणी पडली होती. दोन वह्यांतील आकडे जुळले नाहीत, तर प्रथम माणसाकडे नव्हे, नोंदींकडे पाहावे. निवृत्तीनंतर या सवयीचा उपयोग एका कॅमेऱ्याच्या बाबतीत होईल, असे मात्र वाटले नव्हते.

माझ्या भाच्याची सांगलीत हळदीची पेढी आहे. पुढे दुकान, मागे अंगण आणि अंगणापलीकडे गोदाम. भाचा सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी घरी जातो आणि पावणेआठच्या सुमारास दुकान बंद करण्यासाठी परततो. तेवढा वेळ पेढी दिवाणजींच्या हाती असते. त्याच्या वडिलांच्या काळापासून हा क्रम सुरू आहे.

गेल्या पावसाळ्यात साठ्याच्या मोजणीत हळकुंडाची दोन पोती कमी भरली. त्याच सुमारास भाच्याच्या ध्यानात आले की, गोदामाच्या दारावरील कॅमेरा नेमका तो जेवायला बसला की बंद पडतो. मोबाईलवर सूचना येई, दीड मिनिट चित्र नसे आणि परत आलेल्या चित्रावर तारीख सन १९७० ची दिसे. दुपारी कितीही वेळा वीज गेली, तरी कॅमेरा ढिम्म हलत नसे. त्याने एका दुपारी स्वतः मुख्य बटण बंद करून पाहिले. इन्व्हर्टर सुरू झाला, कॅमेरा चालूच राहिला. ‘यंत्रात दोष नाही’ असा त्याने निष्कर्ष काढला आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता दिवाणजींकडून गोदामाच्या किल्ल्या मागून घेतल्या.

ही हकिकत मला बहिणीने सांगितली, तेव्हा मी सांगली गाठली. भाच्याला म्हटले, “संशय ही नोंद नव्हे. रेकॉर्डरची वही दाखव.”

चित्रे साठवणारा रेकॉर्डर दुकानात स्वतंत्र यूपीएसवर होता, म्हणून तो कधी बंद पडला नव्हता. कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र केव्हा खंडित झाले, याची नोंद तो आपोआप ठेवतो. महिन्याच्या नोंदी मी कागदावर उतरवल्या आणि शेजारी वीज गेल्या-आल्याच्या वेळा लिहिल्या. संध्याकाळच्या नोंदी होत्याच. पण मध्यरात्रीनंतरच्याही तीन निघाल्या. त्या वेळी दुकानाला कुलूप होते आणि दिवाणजी आपल्या घरी झोपलेले होते. भाच्याने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या, कारण त्या वेळी तोही झोपेत असे. दुसरी गोष्ट अशी की, वीज जाताना जसा खंड पडे, तसाच कधी कधी वीज परत येतानाही पडे.

म्हणजे प्रश्न माणसाचा नव्हता, उजेडाचा होता. दिवसा कॅमेरा केवळ चित्र घेतो. अंधार पडताच त्याचे अदृश्य किरणांचे दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. तंत्रज्ञाने मीटर लावला, तेव्हा दिवसा सुमारे ०.४ आणि रात्री ०.८ अँपिअर प्रवाह दिसला. अडॅप्टर १ अँपिअरचा, तोही जुना. शिवाय तो दुकानात बसवलेला आणि तेथून कॅमेऱ्यापर्यंत बारीक तारेची सुमारे ३० मीटर ओढ. अडॅप्टर १२ व्होल्ट देत होता; कॅमेऱ्यापाशी दिवसा ११.१ पोहोचत आणि रात्री जेमतेम १०.३. कॅमेऱ्याच्या लेबलवर दहा टक्क्यांपर्यंतची घट मान्य होती, म्हणजे १०.८. रात्री तो मुळातच काठावर उभा होता.

आता इन्व्हर्टरकडे वळू. वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास त्याला क्षणभर लागतो. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे दोन पर्याय असतात. यूपीएस पर्यायात हा खंड सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. नॉर्मलमध्ये त्याच्या दोन-चार पट होऊ शकतो. तेवढा वेळ अडॅप्टरमधील कपॅसिटर आपल्या शिलकीतून कॅमेरा चालवतो. मागणी दुप्पट झाली की ती शिल्लक निम्म्या वेळात संपते. दिवसा पुरणारी पुंजी रात्री पुरत नसे, हे सारे रहस्य. कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होण्यास दीड मिनिट लागे आणि आतील घड्याळाला बॅटरी नसल्याने तारीख मूळपदावर जाई.

भाच्याची खात्री पटावी म्हणून भर दुपारी आम्ही कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळे कापड गुंडाळले. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. यंत्राने रात्र झाल्याचे मानले होते. मग मुख्य बटण बंद केले. मोबाईलवरील चित्र गेले. कापड काढून पुन्हा प्रयोग केला; चित्र राहिले. तिसऱ्यांदा कापड बांधले, पुन्हा गेले. दिवाणजी त्या वेळी दुकानात गिऱ्हाईकाला हळदीचा भाव सांगत होते.

उपाय साधे निघाले. इन्व्हर्टरचा खटका ‘यूपीएस’कडे फिरवला. २ अँपिअरचा नवा अडॅप्टर घेऊन तो कॅमेऱ्याजवळ, पाऊस लागणार नाही अशा पेटीत बसवला, म्हणजे तारेतील घट उरली नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ रेकॉर्डरवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था केली. त्या रात्री दहा वेळा वीज घालवून पाहिली. एकदाही खंड पडला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत असे कॅमेरे आहेत. चार गोष्टी अवश्य कराव्यात. बॅकअपची परीक्षा दिवसा नव्हे, अंधार पडल्यावर घ्यावी. एकच कॅमेरा बंद पडतो की सगळे, ते पाहावे. सगळे पडत असतील, तर दोष इन्व्हर्टर, बॅटरी वा नेटवर्क स्विचकडे शोधावा. यूपीएस पर्यायात व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर इन्व्हर्टर लवकर बॅटरीकडे वळतो. म्हणून जेथे दाब फार चढउतार करतो, तेथे कॅमेऱ्यांसाठी लहान स्वतंत्र यूपीएस ठेवणे बरे. आणि महिन्यातून एकदा रेकॉर्डरच्या नोंदी स्वतः वाचाव्यात. तारीखच चुकीची असलेले चित्र वादाच्या प्रसंगी फारसे कामास येत नाही.

दोन पोत्यांचा फरक अद्याप सापडलेला नाही. तो वजनातला असेल, जावकीच्या नोंदीतला असेल किंवा आणखी कशातला. भाचा आवक-जावकीची वही पहिल्या पानापासून तपासत आहे. परंतु त्या फरकाच्या नावे दिवाणजींचे खाते टाकण्यास आता कोणताही आधार उरला नव्हता.

संध्याकाळी भाचा घरी जायला निघाला. जाण्यापूर्वी गोदामाच्या किल्ल्या घेऊन तो दिवाणजींच्या बैठकीपाशी गेला. “दिवाणजी, माझी चूक झाली. या तुमच्यापाशीच असू द्या,” एवढेच तो म्हणाला.

दिवाणजींनी किल्ल्या लगेच उचलल्या नाहीत. चालू ओळ पूर्ण केली, चष्मा पुसला, मग म्हणाले, “शेठ, ती मोजणी उद्या आपण दोघे मिळून करू.” आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी कमरेला अडकवला.