कच्चा लिंबू आणि खोटा फासा

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो. मी फसवणूक केली आहे. परीक्षेत नाही (तो विषय वेगळा!), खेळात. आणि तीही जिंकण्यासाठी नाही, समोरच्याला वाचवण्यासाठी. तरीही पकडला गेलो तेव्हा चेहरा चोरासारखाच झाला होता.

झालं असं की गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. माझं गाव करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. घरात पाहुणे, रात्री दंडार नाही तर नाटक, आणि घरभर भावंडं. हॉस्टेलच्या आमच्या विंगमध्ये रविवारी जो टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम चालतो, तो या पोरांना शिकवावा असं माझ्या डोक्यात आलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात बोर्ड असलाच पाहिजे असं नाही. एक जण गेम मास्टर होतो. तो गोष्ट सांगतो, 'तुमच्यासमोर दरवाजा आहे, आतून आवाज येतोय, काय करता?' बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं ठरवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. फासा म्हणेल ते खरं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो आणला. २०१६ पासून 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिका पाहणाऱ्यांना तो ओळखीचा आहेच.

तर आमच्याकडे वीस बाजूंचा फासा नव्हता. म्हणून १ ते २० आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. गोष्ट रचली आपल्याच भागातली. तुमसर तालुक्यातला आंबागडचा किल्ला, देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या काळातला दडवलेला खजिना (हा माझ्या मनचा), आणि त्याच्यावर राखण करणारे राक्षस. जेवणं झाल्यावर ओसरीवर सतरंजी टाकली आणि खेळ सुरू. पहिल्या रात्री पोरं अशी रंगली की आजीला दोनदा येऊन ओरडावं लागलं.

दुसऱ्या रात्री घोळ झाला. आठवीतल्या धाकट्या मामेभावाचा तिरंदाज एकटाच पुढे गेला. राक्षसानं वार केला. पंधरा किंवा वर आकडा आला तर तिरंदाज मेला. मी चिठ्ठी काढली. आकडा होता १९. मी पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "सहा! वार हुकला!" पोरं ओरडली, टाळ्या पडल्या. मी चिठ्ठी गुपचूप मांडीखाली सरकवली.

सकाळी सतरंजी झटकताना ती त्यालाच सापडली. त्यानं डब्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या, एकोणीस भरल्या. मग माझ्याकडे आला.

"भाऊ, मी मेलो होतो ना काल?"

मी म्हणालो, "अरे, तुझ्याचसाठी केलं. तुझा खेळ संपला असता ना."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग परवाच्या रात्री तो राक्षस मीनं मारला होता, का तूनं मारून देल्ला?"

मित्रांनो, परवाच्या रात्रीची चिठ्ठी खरी होती. २० चा आकडा खराच निघाला होता. पण ते त्याला पटवून द्यायला आता माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. एका खोट्या सहानं खऱ्या विसाचीही किंमत घालवली होती.

तर प्रश्न असा आहे. गेम मास्टरनं पडद्याआड, कोणाला न सांगता, खेळाच्या भल्यासाठी नियम वाकवावेत की नाही? आमच्या विंगमध्ये यावर दोन पार्ट्या आहेत आणि मेसमध्ये डाळ थंड होईपर्यंत वाद चालतो. माझं मत 'नाही' असं आहे. पण समोरची बाजू लेचीपेची नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

फाशात खोटेपणा म्हटला की आपल्याला शकुनी आठवतो. पण शकुनी समोरच्याला लुटायला बसला होता. गेम मास्टर कोणाला हरवायला बसलेला नसतो, उलट सगळ्यांची संध्याकाळ चांगली जावी हीच त्याची काळजी असते. तीन तास रंगलेली गोष्ट एका दळभद्री आकड्यानं संपत असेल, तर तो आकडा गिळला म्हणून काय बिघडलं? कीर्तनकारसुद्धा समोरचे श्रोते बघून आख्यान लांबवतो, आटोपतं घेतो. त्याला कोणी खोटारडा म्हणतं का? आणि हा अधिकार तर खुद्द गायगॅक्सनीच दिलाय. १९७९ साली गेम मास्टरसाठी जे मार्गदर्शक पुस्तक निघालं, त्यात फाशाचा निकाल डावलण्याचा हक्क त्याला आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. गेम मास्टरपुढे पुठ्ठ्याचा पडदा उभा असतो तो काही उगाच नाही.

मुद्दा वजनदार आहे. पण कीर्तनाच्या उदाहरणात एक फट आहे. श्रोत्यानं आख्यानावर स्वतःचं काही पणाला लावलेलं नसतं. राजा हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे श्रोता ठरवत नाही. इथं मात्र खेळाडू ठरवतो. पुढे जायचं की मागे फिरायचं, एकटं जायचं की सोबत न्यायची, हे त्यानं धोका मोजून ठरवलेलं असतं. माझा भाऊ एकटा पुढे गेला तो निर्णय त्याचा होता. चुकीचा असेल, पण त्याचा होता. मी चिठ्ठी लपवली तेव्हा त्याचं पात्र वाचलं, पण निर्णय फुकट गेला. काहीही केलं तरी भाऊ वाचवणारच असेल, तर त्या ओसरीवर खेळत होतं कोण? मी एकटाच. बाकीचे फक्त बसले होते.

आता कोणी म्हणेल, मग काय नियम म्हणजे दगडावरची रेघ? लहान पोराला पहिल्याच दिवशी मारायचं? अजिबात नाही. नियम वाकवायची आपली स्वतःची एक पद्धत आहे आणि ती वीस बाजूंच्या फाशापेक्षा शंभर पटीनं चांगली आहे. तिचं नाव कच्चा लिंबू!

आठवा जरा. लपाछपीत, पकडापकडीत एखादं चिल्लंपिल्लं खेळायचा हट्ट धरायचं. मग खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर जाहीर व्हायचं, 'हा कच्चा लिंबू.' म्हणजे तो पळेल, लपेल, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. यात नियम सरळसरळ वाकवलेला आहे. पण खोटं काय आहे? काहीच नाही. आधी ठरलेलं, उघड सांगितलेलं, सगळ्यांना मान्य असलेलं. आणि त्या पोरालाही माहीत असतं की आपण कच्चा लिंबू आहोत. म्हणूनच एक दिवस ते पाय आपटून म्हणतं, "मी आता कच्चा लिंबू नाही!" तो दिवस त्याच्यासाठी केवढा मोठा असतो! गुपचूप वाचवलेल्या पोराच्या वाट्याला हा दिवस कधी येतच नाही, कारण आपल्याला वाचवलं जातंय हेच त्याला ठाऊक नसतं.

आधी, उघड आणि सर्वांच्या संमतीनं. या तीन कसोट्या लावा आणि मग खुशाल वाकवा. आपल्या परीक्षेचंच बघा ना. ग्रेस मार्क म्हणजे तरी काय, विद्यापीठानं छापील नियमात बसवलेला कच्चा लिंबूच! किती मार्क, कोणाला, कोणत्या अटीवर, हे निकालाच्या आधी ठरलेलं असतं. ते मिळाले म्हणून कोणी चोर ठरत नाही. पण तेवढेच मार्क कोणी दयेपोटी कपाटाआड वाढवून दिले, तर त्याला आपण काय म्हणतो?

या तीनपैकी एक जरी कसोटी सुटली तर काय होतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. हे सगळे खेळ मुळात लष्करी युद्धखेळांची नातवंडं. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच असलेला 'क्रीगस्पील' सैन्यापुढे मांडला. पुढे तो जगभरच्या सैन्यांनी उचलला. मे १९४२ मध्ये जपानी नौदलानं मिडवेच्या मोहिमेआधी 'यामातो' या युद्धनौकेवर असाच खेळ मांडला. त्याची हकीगत फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतरच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. खेळात अमेरिकन विमानांनी जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला. ओकुमियांनीच फासे टाकले. निकाल, नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' दोन्ही बुडाल्या. खेळाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नव्हे, तीनच धरा. मग फक्त 'कागा' बुडाली. आणि खेळाच्या पुढच्या भागात तीही पुन्हा तरंगायला लागली!

४ जून १९४२ ला खरी लढाई झाली. 'अकागी' गेली, 'कागा' गेली, 'सोर्यू' आणि 'हिर्यू' पण गेल्या. सुमारे तीन हजार जपानी माणसं मेली. समुद्राला कोण सांगणार, नऊ नव्हे, तीन धर म्हणून? खेळात तो निकाल मानला असता तर लढाई जिंकली असती, असं मी म्हणत नाही. पण एक इशारा टेबलावर येऊन पडला होता आणि तो पुसला गेला, एवढं खरं.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. उगाकींनी हे माझ्यासारखं मांडीखाली लपवून केलं नव्हतं, सगळ्यांसमोर केलं. म्हणजे नुसतं 'उघड' पुरत नाही. फासा पडल्यावर नियम बदलला आणि ॲडमिरलपुढे 'नाही' म्हणायची सोय कोणाला होती? म्हणून तिन्ही कसोट्या एकत्रच लागतात.

पण गेम मास्टरचीच चूक असेल तर? पहिल्याच खोलीत त्यानं झेपणार नाही असा राक्षस आणून ठेवला तर खेळाडूंनी का मरावं? बरोबर आहे. मग तोंड उघडा आणि म्हणा, "थांबा रे, माझं चुकलं, हा राक्षस जास्तच झाला. अर्धा करू का?" दोन मिनिटं हशा होईल, तुमची इज्जत थोडी जाईल, पण पुढचा प्रत्येक फासा खरा राहील. आणि दुसरी युक्ती तर याहून सोपी. जो निकाल तुम्हाला मान्यच करायचा नाही, त्याच्यासाठी फासा टाकूच नका. तिरंदाज मरू नये असं मला वाटत होतं ना? मग मरणाची चिठ्ठी काढलीच कशाला? 'वार लागला तर धनुष्य तुटेल' असं आधीच ठरवता आलं असतं. आणि एखाद्या ग्रुपनं पहिल्याच दिवशी ठरवलं की गोष्ट महत्त्वाची, गेम मास्टरनं पडद्याआड हवं ते करावं, तर त्यांना माझा नमस्कार. ठरलेलं आहे, तिथं फसवणूक नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खेळावर केवढं हे प्रवचन! खरंय. पण जरा आपल्या प्रॅक्टिकलकडे या. ग्राफ पेपरवर आपण आधी सरळ रेष मारतो आणि मग तिच्यावर बिंदू बसवतो की नाही? एखादं रीडिंग रेषेबाहेर गेलं की त्याला समजावून आत आणतो. का? सबमिशन आहे, एक्स्टर्नल ओरडेल, ग्रुपमधल्या चौघांचं नुकसान होईल. हेतू चांगलाच! जर्नलवर सही होते, सगळे खूश. फक्त ते यंत्र काय सांगत होतं, ते कायमचं गेलं.

उद्या आपल्यातलाच कोणी सिव्हिलवाला साइटवर उभा असेल. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब, २८ दिवसांनी मशीनमध्ये घातला, आकडा कमी आला. ठेकेदार गयावया करतोय, मजुरांचे पैसे अडकलेत, साहेबांना घाई आहे. कोणाचंही वाईट करायचं मनात नाही. फक्त एक आकडा थोडा वर सरकवायचा. तेव्हा हात थरथरायला हवा असेल, तर सवय आजच लागायला हवी. मला ती ओसरीवर लागली, आठवीतल्या पोरामुळे.

त्या रात्री आम्ही पुन्हा बसलो. चिठ्ठी आता मी काढायची नाही, ज्याच्यावर वार त्यानंच काढायची आणि सगळ्यांसमोर उघडायची, असं ठरलं. आदल्या रात्रीचा १९ धरायचा की सोडायचा हेही त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "धर." तिरंदाज मेला. पोरगं अर्धा तास कोपऱ्यात तोंड पाडून बसलं. मग वही घेऊन आलं आणि म्हणालं, "आता मी वैदू होतो. एक जण तरी औषध देणारा पायजे." शेवटच्या खोलीत त्याच्या वैदूनं दोघांना वाचवलं. चिठ्ठीवर १७ होता. सगळ्यांनी पाहिला.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर मेसमध्ये भेटा. चर्चा उघड होईल, नियम आधी ठरवू आणि डाळ मात्र आधी वाढून घेऊ!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी