'या वयात कायले?' असं विचारणाऱ्यांना

मूर्तिजापूरकडच्या एका गावात बैठक होती. विषय रेशनचा. बैठक संपली, सतरंजी गुंडाळून झाली, तरी एक बाई दाराशी घुटमळत राहिली. वय पन्नाशीच्या पुढचं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पाळी जाऊन तीन वर्स झाले. आता हे जवळ आले का आत मिरची लावल्यावानी आग होते. कोनाले सांगू?" मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? "दाखवलं ना. थे म्हने, आता या वयात कायले पाह्यजे हे सगळं? देवाधर्मात मन लावा."

मी तिला चटकन उत्तर देऊ शकले नाही. कारण हेच दुखणं मी स्वतः दोन वर्षं अंगावर काढलं होतं. शिबिरांमधून पाळीवर, गर्भनिरोधनावर धिटाईने बोलणारी मी, स्वतःची वेळ आली तेव्हा डॉक्टरसमोर 'अंग दुखतं' एवढंच म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी आले होते. तेव्हा मैत्रिणींनो, हा लेख जितका डॉक्टरांवर आहे तितकाच माझ्यावर आणि आपल्या चळवळीवरही आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. पाळी जाते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप कमी होतं. योनीचं अस्तर याच संप्रेरकावर जाड, ओलं आणि लवचिक राहतं. ते कमी झालं की अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं, जरा घासलं तरी सोलवटतं. संबंधाच्या वेळी आग होते, कधी रक्तही दिसतं. लघवीच्या जागेचंही तसंच. जळजळ, घाईची लघवी, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग, हे सगळं त्याच कारणाने. अंगातून वाफा निघणं बहुतेकींचं काही वर्षांनी ओसरतं. हे मात्र आपोआप बरं होत नाही, उपचार केला नाही तर बहुधा वाढतच जातं. पाळी गेलेल्या बायकांपैकी निम्म्यांना तरी हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. गर्भपिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर पस्तिशी-चाळिशीतल्या बाईवरही एकदम ही वेळ येते.

आणि यावर उपाय आहे. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम किंवा आत ठेवायची बारीक गोळी. साधारणपणे सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात, पण अस्तर पुन्हा सुधारतं. खोबरेल तेलाने किंवा जेलीने त्या वेळेपुरतं घर्षण कमी होतं, पण पातळ झालेलं अस्तर त्याने भरून येत नाही.

इथे आपल्यातल्याच काहीजणी विचारतील, आणि विचारायलाच हवं, की हार्मोन्सच्या विरोधात आयुष्यभर भांडलो, आता तेच मागायचे? प्रश्न खरा आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ही चाचणी आहे हेही न सांगता बायकांना इंजेक्शनं टोचली जात होती. ती लढाई बरोबरच होती. पण ती एखाद्या रसायनाच्या नावाशी नव्हती. बाईला न सांगता, न विचारता, तिच्या शरीरावर दुसऱ्यांनी निर्णय घेण्याविरुद्ध ती होती. आज माहिती दडवून, लाजवून तिला उपचारापासून लांब ठेवलं जातं, तेव्हाही निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेला असतो.

२००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून बातमी आली की हार्मोन्सनी स्तनाचा कर्करोग वाढतो. त्या रोज पोटात घ्यायच्या, दोन संप्रेरकं एकत्र असलेल्या गोळ्या होत्या. भीती मात्र सगळ्याच इस्ट्रोजेनला चिकटली. हिशोब करून पाहा. योनीत ठेवायची गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्याला दोन, म्हणजे वर्षभरात सव्वा मिलिग्रॅमही होत नाही. पोटात घ्यायची नेहमीची एक गोळी एक मिलिग्रॅमची, आणि ती रोजची. त्याच अमेरिकी अभ्यासातल्या ४५ हजारांहून अधिक बायकांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. तरीही दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मग मलम. आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर आधी त्या डॉक्टरांचा सल्ला. दुकानदाराने दिलेली कुठलीही ट्यूब आत लावू नका.

आता 'या वयात कायले' याकडे वळू. हा प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. साठीतल्या पुरुषाच्या ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींनी एस.टी. स्टँडच्या भिंती रंगतात, त्याला कुणी भजनाला जा म्हणत नाही. बाईचं शरीर मात्र लेकरं होईपर्यंतच कामाचं. आमच्याकडे अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग म्हटलं की बाईला आठवतं बाळंतपण. त्यानंतरची तीस वर्षं तिने कुठे जायचं? १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुणी विचारलं, तेव्हा बायका बोलल्या. आज विचारतं कोण?

आणि हे फक्त नवरा असलेल्यांचं दुखणं नाही. दिवसभर उकिडवं बसून निंदणारी, कापूस वेचताना आडोसा नाही म्हणून पाणीच न पिणारी विधवा बाई लघवीची आग सोसत असते. तिला तर 'तुला काय करायचं' असं म्हणायलाही कुणी मागेपुढे पाहत नाही.

एक धोका मात्र स्पष्ट सांगते. हे मलम नवऱ्याच्या सोयीचं साधन होता कामा नये. 'ट्यूब आणून दिली ना, आता काय झालं?' असं घरात ऐकू येऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही बायको अठरा वर्षांची झाली असेल, तर नवऱ्याच्या बळजबरीला बलात्कार म्हटलेलं नाही. म्हणून मलमाआधी बाईचा नकार. तो दुखतं म्हणून असेल, मन नाही म्हणून असेल, तोही पुरेसा. आणि तिला हवं असेल, तर ते हवं असण्याचीही लाज नको. दोन्ही हक्क एकाच बाईचे आहेत.

तेव्हा मागणी साधी आहे. वेगळी ओपीडी निघो न निघो, पन्नाशीची बाई बीपी तपासायला आली तरी आरोग्य केंद्रात तिला पडद्याआड हे दोन प्रश्न विचारले जावेत: लघवीला आग होते का? संबंधाच्या वेळी दुखतं का? आशाताईंच्या प्रशिक्षणात हा विषय हवा. मलम सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवं. महिन्याचं औषध आणि तेल-मीठ यात निवड करायची वेळ आली तर बाई औषध सोडते, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

आणि सुरुवात आपण आपल्यापासून करू. पुढच्या बैठकीत, रेशनच्या आधी, मी माझं सांगणार आहे. दाराशी घुटमळणाऱ्या बाईला शेवटपर्यंत थांबावं लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.