नर्सिंग झालं, लगेच धंदा? थांबा, आधी नोकरी!

रावेरकडच्या मुली विचारतात, “सर, जीएनएम झालं. घरोघरी पेशंट सांभाळायची सेवा सुरू करू का?”

माझं मत सरळ आहे. करा, पण आधी दोन वर्षं नोकरी. केळी निसवायच्या आधी कुणी घड कापायला जातं का?

पेशंटच्या घरी तुम्ही एकट्या असता. रात्री दोनला त्याला धाप लागली, तर विचारायला सिस्टर इन्चार्ज नसते. ती नजर वॉर्डातच तयार होते.

म्हणून आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करा. मग रावेर, सावदा, भुसावळ, जळगाव, जिथे शिकायला मिळेल तिथे लागा. पगाराबरोबर हेही विचारा: आयसीयू, प्रसूती विभागात ड्युटी मिळेल का? सोडताना अनुभवाचं पत्र मिळेल का? मूळ सर्टिफिकेटं मात्र कुणाकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्या. आणि “सहा महिने फुकट शिका” म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

पहिला पगार लहान असेल. पण उद्या ज्या भरवशावर लोक तुम्हाला घरात घेतील, तेच तुमचं खरं भांडवल. ते कुठलीच बँक देत नाही.