भाडं पाण्यात, मग व्याज कुठे?

गेल्या रविवारी काकांनी पुन्हा तोच सूर लावला. "अरे, तिशी आली. भाडं म्हणजे पैसे पाण्यात. तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं घर होतं!"

तेवढ्याच? बसलो आकडे मांडत. पुण्यात मी राहतो त्या टू बीएचकेचं भाडं २२ हजार. तसाच फ्लॅट घ्यायचा तर ७५ लाख. १५ लाख खिशातले घातले तरी ६० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं म्हणजे हप्ता साधारण ५२ हजार. आणि पहिल्या हप्त्यातले ४२,५०० निव्वळ व्याज! भाडं पाण्यात जातं म्हणता, मग हे काय माझ्या तिजोरीत जातं? २० वर्षांत नुसतं व्याजच जवळजवळ ६५ लाख. वर नव्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजावर वजावटही नाही.

"पण किंमत वाढते ना!" वाढेलही. पण हप्ता नक्की आहे, नोकरी नाही. काकांची नोकरी पेन्शनीची, त्यांना तो नियम मानवला. माझा एक मित्र मात्र दोन वर्षं राजीनामा लिहून बसलाय. हप्ता त्याला तो पाठवू देत नाही.

अट एकच. वाचलेले ३० हजार दरमहा खरंच गुंतवायचे. ते मॉलमध्ये उडवणार असाल तर काकांचंच बरोबर, घ्या फ्लॅट!

मी तूर्त एसआयपी वाढवलीय. घर घेईनही कधीतरी, पण 'लोक काय म्हणतील' म्हणून नाही. असो.